किफायतशीर व विश्वासार्ह सर्व्हरची निवड : वारणा प्रकल्पाच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

व्यवसायाचा हिशेब कोठे ठेवावा, तो कोणाच्या ताब्यात असावा आणि गरजेच्या वेळी तो हाती लागेल याची हमी कोणी द्यावी, हे प्रश्न संगणकाच्या आधीचे आहेत. पेढीवरील रोजकीर्द व खतावणी, बाजार समितीची काटापट्टी, साखर कारखान्याची ऊसनोंदवही ही या प्रश्नांची जुनी उत्तरे होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वही हळूहळू सर्व्हरवर गेली. अनेक ठिकाणांहून आलेल्या मागण्या स्वीकारून एका ठिकाणी साठवलेली माहिती पुरविणारा संगणक म्हणजे सर्व्हर. वहीची किंमत नगण्य होती आणि ती वाचण्यासाठी विजेची गरज नव्हती. सर्व्हरच्या बाबतीत मात्र खरेदी, वीज, जोडणी, दुरुस्ती आणि देखरेख असे पाच खर्च कायमचे मागे लागतात. त्यामुळे परवडेल असा आणि भरवशाचा सर्व्हर निवडणे हा तांत्रिक प्रश्न असला तरी त्याहून अधिक तो आर्थिक व सामाजिक प्रश्न ठरतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वात बोलका इतिहास सहकारी क्षेत्रात आढळतो. सहकारी संस्थेत हिशेब ठेवणारा आणि ज्याचा हिशेब ठेवला जातो तो, हे दोघेही तत्त्वतः एकच, म्हणजे सभासद, असतात. प्रत्यक्षात मात्र सभासद गावात असतो आणि हिशेब कार्यालयात. या दोहोंतील अंतर कमी करण्याचा एक मोठा प्रयत्न १९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे सुरू झाला. प्रस्तुत निबंधात त्या प्रयत्नाचा आढावा घेऊन घाटंजीसारख्या कापूस उत्पादक तालुक्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ तपासला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) महाराष्ट्रातील व्यावसायिक संगणकीकरणात किंमत व विश्वासार्हता यांचा मेळ कसा घातला गेला, याचा मागोवा घेणे.
२) वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्पातील यंत्रणेची निवड व तिची फलश्रुती तपासणे.
३) सामाईक सर्व्हरकडे झालेल्या वाटचालीतील लाभ व जोखीम स्पष्ट करणे.

पूर्वपीठिका : मोठ्या यंत्राकडून अनेक लहान यंत्रांकडे

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा भारतीय बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. व्यापारी क्षेत्रात मात्र त्या दशकात आयबीएमची यंत्रे प्रामुख्याने भाड्याने घेतली जात. भाडे जबर असले तरी दुरुस्तीची जबाबदारी कंपनीची असल्याने ग्राहक निर्धास्त असे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाच्या अटी मान्य न झाल्याने आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील कारभार आवरता घेतला. त्या वेळी सर्वात मोठा प्रश्न उभा राहिला तो देशभर विखुरलेल्या त्या यंत्रांच्या देखभालीचा. ही जबाबदारी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, या सरकारी कंपनीने उचलली. संस्थेच्या नावातच 'देखभाल' हा शब्द असावा, ही बाब अर्थपूर्ण आहे. यंत्राचा भरवसा यंत्राइतकाच दुरुस्ती करणाऱ्या माणसावर अवलंबून असतो, हा धडा या प्रसंगाने दिला.

दुसरा धडा पुण्यातून मिळाला. अमेरिकेकडून महासंगणक मिळविण्यात येणाऱ्या अडचणींच्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुणे येथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एका अतिशक्तिशाली व महागड्या प्रक्रियकाऐवजी ट्रान्सप्युटर नावाचे अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडणे, हे त्याचे सूत्र होते. याच सुमारास, १९८८ मध्ये, अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व काट्झ या संशोधकांनी अनेक स्वस्त चकत्यांवर माहिती विभागून व जादा प्रत राखून साठविण्याची 'रेड' पद्धत मांडली. एक चकती बिघडली तरी माहिती शाबूत राहावी, हा तिचा हेतू. महाग वस्तू म्हणजेच टिकाऊ वस्तू हे समीकरण येथे प्रथम गंभीरपणे मोडले गेले. वस्तू स्वस्त असेल तर ती बिघडणार हे गृहीत धरून जोडवस्तू हाताशी ठेवावी, हा विचार पुढे सर्व मोठ्या सर्व्हर केंद्रांचा पाया बनला.

विश्वासार्हतेची किंमत

विश्वासार्हता मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे वर्षातील किती टक्के वेळ यंत्रणा चालू राहते, हे पाहणे. ९९ टक्के हा आकडा ऐकण्यास समाधानकारक वाटतो. तथापि त्याचा अर्थ वर्षात ८७ तासांहून अधिक, म्हणजे सुमारे साडेतीन दिवस, यंत्रणा बंद असा होतो. ९९.९ टक्क्यांत ही बंदी पावणेनऊ तासांवर येते, तर ९९.९९ टक्क्यांत ती ५३ मिनिटांपेक्षा कमी असते. टक्केवारीतील प्रत्येक पुढील नऊच्या आकड्यासाठी खर्च मात्र झपाट्याने वाढत जातो.

हा खर्च कोणी करावा, याचे उत्तर व्यवसायाच्या स्वरूपात असते. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये उपग्रह जोडणीद्वारे देशभरचे व्यवहार संगणकावर आणले. त्यासाठी एक भाग निकामी झाला तरी थांबणार नाहीत अशी स्ट्रॅटस कंपनीची यंत्रे वापरली गेली. मुंबई शेअर बाजाराची 'बोल्ट' यंत्रणा १९९५ मध्ये त्याच प्रकारच्या टँडेम यंत्रांवर सुरू झाली. मिनिटागणिक उलाढाल असलेल्या ठिकाणी हा खर्च योग्यच होता. तरीही २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार दूरसंचार जोडणीतील बिघाडाच्या परिणामी सुमारे चार तास थांबले. संपूर्ण भरवसा पैशानेही विकत मिळत नाही, एवढे यावरून दिसते.

साखर कारखान्याची गोष्ट वेगळी आहे. ऊसतोडणीचा क्रम एका तासाने उशिरा कळला तर मोठे नुकसान होत नाही. परंतु नोंदीतील लागवडीची तारीख चुकली तर सभासदाचा ऊस शेतात वाळतो, वजन घटते आणि उतारा कमी पडतो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत किंमत देणे बंधनकारक असून विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज देय होते. या हक्काचा आधार म्हणजे काट्यावरील वजनाची नोंद. म्हणजे शेअर बाजारात थांबणे घातक, तर कारखान्यात चुकणे घातक. पहिल्या ठिकाणी न थांबणारे यंत्र हवे असते. दुसऱ्या ठिकाणी न हरवणारी व सभासदाला पडताळता येणारी नोंद हवी असते. या दोन गरजांतील फरक न ओळखता केलेली खरेदी एकतर फुकट महाग ठरते किंवा फसवी स्वस्त.

वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प : १९९८

पन्हाळा तालुक्यातील वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखान्याची पायाभरणी झाली. पुढे दूध संघ, वारणा बझार, बँक, शिक्षणसंस्था असा सहकाराचा विस्तृत परिसर तेथे उभा राहिला. १९८३ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे संगणक हाताळणारे मनुष्यबळही स्थानिक पातळीवर उपलब्ध झाले.

केंद्र शासनाने मे १९९८ मध्ये माहिती तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय कृतिगट नेमला. ग्रामीण भागात माहिती तंत्रज्ञानाचा उपयोग दाखविणारा प्रकल्प म्हणून वारणा परिसराची निवड झाली. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे प्रकल्पात घेण्यात आली. अंमलबजावणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनआयसीकडे, होती. सुमारे अडीच कोटी रुपयांच्या खर्चापैकी ५० टक्के केंद्र शासन, ४० टक्के राज्य शासन आणि १० टक्के वारणा समूह अशी विभागणी होती. सरासरी काढल्यास गावामागे सुमारे साडेतीन लाख रुपये खर्च आला आणि त्यातील वारणेचा स्वतःचा वाटा ३५ हजारांच्या आसपास राहिला.

गावोगावी संगणक, छपाईयंत्र व वीज गेल्यास काही काळ चालणारी बॅटरी असलेली माहिती केंद्रे उभारण्यात आली आणि ती टेलिफोनच्या तारेने मुख्य यंत्रणेशी जोडण्याची व्यवस्था झाली. पीकसल्ला, बाजारभाव, भूमी अभिलेख, आरोग्य, शिक्षण, रोजगार अशा अनेक सेवा एकाच केंद्रातून मिळाव्यात, अशी योजना होती. मात्र टिकून राहिला तो मुख्यतः एकच उपयोग, तो म्हणजे ऊस. लागवडीची नोंद, तोडणीची परवानगी, वजनाची माहिती, खताची उचल व खात्यावरील बाकी यांसाठी सभासद केंद्रावर येत राहिला. पूर्वी या प्रत्येक कामासाठी कारखान्यावर हेलपाटा घालावा लागे. तो वाचला, ही या प्रकल्पाची खरी कमाई होय. इतर सेवांचा वापर अपेक्षेप्रमाणे वाढला नाही.

या ठिकाणी निवडीचा मूळ दोष लक्षात येतो. अनेक सेवा द्यावयाच्या म्हणून प्रत्येक गावात पूर्ण क्षमतेचा संगणक बसविण्यात आला. प्रत्यक्षात काम उरले ते काही आकड्यांच्या देवाणघेवाणीचे. त्यासाठी संगणक, छपाईयंत्र, बॅटरी व टेलिफोन यांपैकी प्रत्येक वस्तू चालू असणे गरजेचे झाले. चार दुव्यांची साखळी सर्वात कच्च्या दुव्याइतकीच पक्की असते. चारही दुवे स्वतंत्रपणे प्रत्येकी ९५ टक्के वेळ चालत असतील, तर संपूर्ण साखळी सुमारे ८१ टक्के वेळच चालते. ग्रामीण भागातील वीजपुरवठा व टेलिफोन सेवा पाहता ९५ टक्के हेही उदार गृहीतक होय. शिवाय अनुदानातून यंत्रे आली तरी त्यांचे आयुष्य संपल्यावर नवी यंत्रे घेण्याचा आणि रोजच्या देखभालीचा भार संस्थेवरच राहिला.

वारणा अनवायर्ड : निवडीचा फेरविचार

मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या राजेश वीरराघवन, नागा यशोधर व केंटारो टोयामा यांनी या यंत्रणेचा अभ्यास करून वेगळा पर्याय पुढे ठेवला. त्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये व पुढे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. 'वारणा अनवायर्ड' या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रयोगात गावातील संगणकाच्या जागी मोबाईल फोन आणण्यात आला. कारखान्याच्या बाजूला विशेष महागडा सर्व्हर बसविला गेला नाही. साधा संगणक आणि त्याला तारेने जोडलेला एक मोबाईल फोन, एवढीच त्याची सामग्री होती. गावातून ठरावीक नमुन्यात आलेला लघुसंदेश हा संगणक वाचत असे, कारखान्याच्या माहितीसाठ्यातून उत्तर शोधत असे आणि संदेशानेच ते परत पाठवत असे.

सात गावांत आठ महिने ही चाचणी झाली. संगणकावर होणारी सर्व कामे फोनवर होऊ शकली. नवी पद्धत कमी खर्चाची व अधिक सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांनाही ती अधिक पसंत पडली. संगणक वापरणाऱ्या सर्व ५४ गावांत ती लागू केल्यास वर्षाला सुमारे १० लाख रुपयांची बचत होईल, असा संशोधकांचा अंदाज होता. गावामागे हिशेब केला तर ही रक्कम वर्षाला सुमारे साडेअठरा हजार रुपये येते. एका मोठ्या कारखान्याच्या ताळेबंदात हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु तो दरवर्षी होणाऱ्या, अनुदान न मिळणाऱ्या खर्चाचा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

येथे विश्वासार्हता कोठून आली, हे पाहणे महत्त्वाचे आहे. फोनची बॅटरी भारनियमनात तग धरते. संदेश लगेच पोहोचला नाही तरी वाटेत थांबून नंतर पोहोचू शकतो. फोन बिघडल्यास तालुक्याच्या बाजारात दुसरा मिळतो आणि तो वापरण्यास वेगळे प्रशिक्षण लागत नाही. म्हणजे यंत्रणेची ताकद वाढवून हा भरवसा मिळविलेला नव्हता. तो साखळीतील दुवे कमी करून आणि दुरुस्ती जवळ आणून साधलेला होता. १९९८ मध्ये हा पर्याय उपलब्ध नव्हता, कारण तेव्हा मोबाईल सेवा महाग होती व खेड्यांत पोहोचलेली नव्हती. त्यामुळे मूळ निर्णयास अदूरदर्शी म्हणणे न्याय्य होणार नाही. मात्र ठरावीक मुदतीनंतर निवडीचा फेरविचार करण्याची तरतूद आराखड्यातच असावी, हा बोध त्यातून निश्चित मिळतो.

नोंदीची शुद्धता : कर्जमाफीचा अनुभव

सर्व्हर उत्तम असूनही नोंद अशुद्ध असेल तर काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने २०१७ मध्ये घेतला. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेअंतर्गत ३४,०२२ कोटी रुपयांच्या कर्जमाफीची घोषणा झाली आणि शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज मागविण्यात आले. अर्जातील माहिती आणि बँकांनी दिलेली माहिती यांत तफावती निघाल्या व लाभ मिळण्यास विलंब झाला. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत अर्जाची पायरीच वगळण्यात आली. बँकांच्या माहितीवरून याद्या तयार झाल्या आणि शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करावयाचे होते. येथेही सुधारणा झाली ती एक दुवा कमी केल्याने. यवतमाळसारख्या कर्जबाजारीपणाने होरपळलेल्या जिल्ह्यात अशा विलंबाची किंमत केवळ तासांत मोजता येत नाही.

सामाईक सर्व्हर : लाभ आणि जोखीम

प्रत्येक संस्थेने स्वतःचा सर्व्हर ठेवण्याऐवजी अनेकांनी मिळून एक ठेवावा, हा विचार सहकाराच्या वृत्तीशी सुसंगतच आहे. लहान बँकेला स्वतंत्र सर्व्हर कक्ष, वातानुकूलन, दुसऱ्या शहरातील राखीव यंत्रणा व रात्रंदिवस देखरेख परवडत नाही. म्हणून अनेक सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँकांनी भाडेतत्त्वावरील सामाईक सेवा स्वीकारली. स्टेट बँक व टीसीएस यांची संयुक्त कंपनी असलेली सी-एज ही अशीच एक पुरवठादार कंपनी होय.

या पद्धतीतील जोखीम ३१ जुलै २०२४ रोजी स्पष्ट झाली. सी-एजच्या यंत्रणेवर खंडणीखोर संगणकीय हल्ला झाल्याने भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला सामाईक देयक जाळ्यापासून तात्पुरते वेगळे केले आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक त्या काळात देयक सेवांपासून वंचित राहिले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाल्या. याउलट स्वतःची यंत्रणा बाळगणे म्हणजे सुरक्षितता, असेही मानता येत नाही. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये काढून घेण्यात आले. स्वतंत्र सर्व्हरमध्ये संस्था एकटी बुडते, तर सामाईक सर्व्हरमध्ये अनेक संस्था एकाच वेळी थांबतात. कोणती जोखीम पेलता येईल, हे ठरविण्यालाच निवड म्हणतात.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांच्या प्रकल्पास मंजुरी दिली. नाबार्डच्या माध्यमातून सर्व संस्थांना एकसमान सॉफ्टवेअर व सामाईक माहितीसाठा पुरविणे, हे त्याचे सूत्र आहे. भागिले तर संस्थेमागे चार लाख रुपये येतात. वारणा प्रकल्पात गावामागे साडेतीन लाख रुपये लागले होते. २४ वर्षांतील महागाई विचारात घेता खर्च बराच घटला आहे. तथापि अनुदानाचा काळ संपल्यावर दरवर्षीचा खर्च कोण उचलणार, हा वारणेचा प्रश्न येथेही लागू पडतो.

घाटंजी परिसराच्या दृष्टीने

घाटंजी तालुक्याचे अर्थकारण प्रामुख्याने कापूस, सोयाबीन व तूर यांवर उभे आहे. कापसाच्या व्यवहारात काटा, प्रतवारी व चुकारा हे तीन टप्पे शेतकऱ्याच्या दृष्टीने निर्णायक असतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी भारतीय कापूस महामंडळाने हमीभाव खरेदीकरिता 'कपास किसान' या मोबाईल ॲपवर नोंदणीची पद्धत आणली. त्यामुळे आता काट्यावर पोहोचण्याआधीच शेतकऱ्याची गाठ सर्व्हरशी पडते. विकास संस्था, जिनिंग व्यवसाय, पतसंस्था किंवा महाविद्यालय यांना स्वतःसाठी सर्व्हर निवडताना वारणेचा अनुभव उपयोगी पडू शकतो. हंगामात गाड्यांची रांग लागली असता जोडणी तुटली तरी काटा चालू राहील, वजनाची नोंद स्थानिक संगणकावर होईल व नंतर मुख्य सर्व्हरकडे जाईल, अशी रचना या भागास अधिक उपयुक्त आहे. जोडणीशिवाय एक पाऊलही न टाकणारी यंत्रणा कितीही स्वस्त मिळाली तरी हंगामात महाग पडते.

निष्कर्ष

१) सर्व्हरची किंमत म्हणजे खरेदीची रक्कम नव्हे. वीज, जोडणी, दुरुस्ती, देखरेख व ठरावीक वर्षांनी करावयाचा बदल यांसह किमान पाच वर्षांचा हिशेब मांडल्याशिवाय किफायत ठरविता येत नाही.

२) विश्वासार्हतेचे प्रमाण व्यवसायागणिक बदलते. कोणता बिघाड सर्वाधिक हानी करतो, हे आधी निश्चित करून त्याच ठिकाणी खर्च करणे शहाणपणाचे ठरते.

३) वारणा प्रकल्पाने सभासदाचा हेलपाटा वाचविला, हे त्याचे यश होय. अपेक्षित उपयोगांच्या यादीवरून यंत्र निवडले गेले आणि प्रत्यक्ष उपयोग एकाच कामापुरता राहिला, ही त्याची मर्यादा होय.

४) यंत्रणेतील दुवे कमी करणे आणि दुरुस्ती जवळ ठेवणे हे ग्रामीण परिस्थितीत भरवसा वाढविण्याचे सर्वात स्वस्त उपाय आहेत.

५) सामाईक सर्व्हर स्वीकारताना माहितीची स्वतंत्र प्रत संस्थेकडे नियमितपणे परत मिळेल आणि करार संपल्यावर ती वाचता येईल अशा स्वरूपात हाती येईल, ही अट करारात असणे आवश्यक आहे. प्रत घेतली जाते एवढ्यावर न थांबता ती प्रत्यक्ष वाचून पाहणेही तितकेच गरजेचे आहे.

६) सभासदाच्या हातात छापील वा संदेशरूप पावती राहणे, ही कोणत्याही सर्व्हरची अंतिम राखीव व्यवस्था होय. कारखान्याचा सर्व्हर बंद पडला तरी वजनाची पावती शेतकऱ्याजवळ असेल तर त्याचा हक्क शाबूत राहतो. सहकारी संस्थेने सर्व्हर निवडताना सर्वप्रथम ही कसोटी लावणे उचित होईल.